आवाजाची बेगमी

आमच्या नांदुऱ्यात माणूस गेला, की जवळच्या नातेवाइकांना फोन झाल्यावर पुढचा फोन मला येत असे. "विजूभाऊ, रिक्षा फिरवा लागते." बोलणं एवढंच. मग नाव, गल्ली, अंत्ययात्रा कुठून आणि किती वाजता, हे विचारून घ्यायचं. वय विचारायचं नाही, कारण ते घरात कुणालाच नक्की माहीत नसतं आणि त्यावरून तिथल्या तिथे वाद सुरू होतो. थोड्याच वेळात भोंगा लावलेली रिक्षा बाजारातून निघायची. खाली मंद बासरी, वर दामूभाऊंचा आवाज.

शहरातल्या वाचकांना हे चमत्कारिक वाटेल. पण पेपर दुसऱ्या दिवशी येतो, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात प्रेत दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. मोबाइल आले तेव्हा वाटलं, आता रिक्षा बंद पडणार. ती पडली नाही. रिक्षा फिरल्याशिवाय माणूस नीट गेल्यासारखा वाटत नाही, असं आमच्या गावाचं मत आहे. बाकी मग साड्यांचा सेल, नळ दोन दिवस येणार नाहीत, हरवलेली म्हैस, निवडणूक हे सगळं त्याच रिक्षावर, त्याच आवाजात. हे सगळं रेकॉर्ड होत असे माझ्या साउंडच्या दुकानामागच्या खोलीत. भिंतींना कापसाच्या गाद्या ठोकल्या होत्या. कापसाला आमच्याकडे तोटा नाही.

दामूभाऊ मूळचे कापसाच्या जिनिंगमधले. काट्यावर उभं राहून वजनाचे आकडे ओरडून सांगायचे, तिथे आवाज कमावलेला. माझ्यापेक्षा वयानं मोठे, त्यामुळे मला विज्या म्हणायचा हक्क त्यांना होता आणि तो ते दिवसभर वापरायचे. खोलीत आले की "काय बे विज्या, चहा सांगतं का नाई?" आणि माइकचं बटण दाबलं की त्याच श्वासात, "नांदुरा शहरातील समस्त नागरिकांना कळविण्यात येते की..." एक अक्षर इकडचं तिकडे नाही. हे कसं जमतं, असं मी एकदा विचारलं.

"घरातले कपडे अन् लग्नातले कपडे येगळे असते ना बे," ते म्हणाले.

तंबाखू मात्र दोन्ही कपड्यांत होती. गळ्यात गाठ निघाली. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला पुढून भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा, जेवण तोंडानं जाईल, बोलणं मात्र संपलं. दामूभाऊ बसमधून उतरून घरी न जाता सरळ माझ्या दुकानात आले. मागच्या खोलीत जाऊन माइकसमोर बसले. मग म्हणाले, "विज्या, ऑपरेशनले थोडे दिवस हायत. बेगमी करून ठेवू."

आमच्या बायका उन्हाळ्यात पापड, कुरड्या, लोणचं यांची वर्षभराची बेगमी करतात, तशी आम्ही आवाजाची केली. ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत ते रोज येऊन बोलत राहिले. गावातली यच्चयावत आडनावं. देशमुख, इंगळे, तायडे, वानखडे. पुरुषांची नावं, बायकांची नावं. जळंब, मलकापूर, खामगाव, वडनेर. सकाळी आठ, सकाळी साडेआठ. ऐकणाऱ्याला वाटेल, एक शब्द एकदा म्हटला की झालं. तसं नसतं. वाक्याच्या मध्ये येणारं नाव वर जातं, शेवटी येणारं खाली उतरतं. मधलं नाव शेवटी चिकटवलं तर माणूस बोलताना मध्येच पडला की काय असं वाटतं. म्हणून प्रत्येक नाव दोन्ही चालींत. त्या दिवसांत चहाच्या टपरीवर कुणी ओळखीचा भेटला, की दामूभाऊ त्याला सांगायचे, "तुमचं भरून ठेवलं हो! आता बिनघोर जा." माणसं हसायची, मग घाईनं चहा संपवायची.

अगदी शेवटी त्यांनी दार लावून घेतलं. "रेणूच्या लग्नाचं राह्यलं."

रेणू त्यांची एकुलती एक मुलगी. तेव्हा कॉलेजात होती, लग्नाचा कुठे पत्ता नव्हता. आमच्याकडे मुलीच्या लग्नात घरच्या माणसानं स्वतः रचलेलं एक मंगलाष्टक म्हणायची हौस असते. आत्या, मामा, काका अशी सगळ्यांची नावं त्यात गुंफायची आणि कुणाचं राहिलं तर पुढे वर्षभर रुसवे काढायचे. दामूभाऊंनी ते रचून आणलं होतं. म्हटलंही सुंदर. पण नवरदेवाच्या नावाची जागा मोकळी होती. तेव्हा त्यांनी काय केलं, तर हाताला येतील तेवढी मुलांची नावं त्याच चालीत एकामागून एक म्हणून ठेवली. अमोल, गजानन, सचिन, वैभव, निखिल... "यातला कोणी ना कोणी सापडीनच," म्हणाले. मी काचेच्या पलीकडे हसत होतो. हसता हसता माझं मला कळलं की मी रडतो आहे.

ऑपरेशन झालं. गळ्याभोवती पंचा गुंडाळलेले मुके दामूभाऊ एसटी स्टँडवर उभे असायचे आणि त्यांचाच आवाज रिक्षात बसून त्यांच्या अंगावरून जायचा. ते थांबून ऐकायचे. मग मोबाइलवर टाइप करून पाठवायचे, "इंगळे घाईत गेला. अजून थोडा मोकळा ठेवजो." रोज दुकानात येऊन बसायचे. मी तुकडे जोडायचो, ते हात वर-खाली करून चाल सांगायचे. गावाला त्यांचा आवाज गेल्याचं ठाऊक होतं, पण जाणवत नव्हतं. त्यांनाही, मला वाटतं, तेवढं जाणवत नव्हतं.

आता या धंद्यातली एक किचकट गोष्ट सांगणं भाग आहे. सोपी करून सांगतो.

ही सगळी बेगमी आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत होती. तिची रीत अशी, की ती आवाजाचे काही-काही सेकंदांचे तुकडे करून एका फोल्डरमध्ये टाकते. तुकड्यांना नावं नसतात, नुसते आकडे-अक्षरं. कोणता तुकडा कुणाच्या पुढे, हे शेजारच्या एका लहानशा फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती फाइल बिघडली तर फोल्डरमध्ये उरतो तो भुगा. मग नवी आवृत्ती आली. तिचा कारभार वेगळा, सगळं एकाच मोठ्या फाइलमध्ये. लग्नाचे व्हिडिओवाले, निवडणुकीची गाणी करणारे, सगळे नव्या आवृत्तीत कामं पाठवू लागले आणि ती जुनीत उघडेनात. म्हणून नवी घ्यावीच लागली.

मग सगळं नवीत का नेलं नाही? नेऊन पाहिलं. तुकडे सरकले. तायडे होते तिथे वानखडे आले. माझ्या लक्षात येईपर्यंत रिक्षा स्टेशनपर्यंत पोचली होती, आणि ज्यांचं दुःखद निधन झाल्याचं ती सांगत होती ते गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन माझ्या दारात उभे होते. "विजूभाऊ, मी जिता हावो ना बाप्पा! घरी बायको रडून राह्यली!" दामूभाऊ कोपऱ्यात बसून हसत होते. आवाज नसलेलं हसणं म्हणजे नुसते खांदे हलतात. त्या दिवशी आम्ही ठरवलं, जुनं जुन्यात राहू द्यायचं आणि नवं नव्यात.

दुसरा संगणक का नाही ठेवला, असं कुणी म्हणेल. होता. आमच्या मे महिन्यानं तो खाल्ला. खामगावहून एक तंत्रज्ञ बोलावला, त्यानं दोन्ही आवृत्त्या उरलेल्या एकाच संगणकात टाकून दिल्या आणि म्हणाला, काही होत नाही. सगळ्याची वेगळ्या डिस्कवर नक्कलही काढून दिली. मी निश्चिंत झालो.

दोघींचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. एका चुलीवर दोन जावा. दोघी तात्पुरतं सामान एकाच फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि एकीचं सामान दुसरीला परकं वाटायचं. एक उघडी असताना दुसरी उघडली की पहिली मुकी व्हायची. जुनीत लावून ठेवलेल्या सगळ्या खुणा नवी बदलून टाकायची. मी पडद्याच्या कडेला कागद चिकटवला होता: एक पूर्ण बंद केल्याशिवाय दुसरी उघडायची नाही. त्या कागदाच्या धाकानं वर्ष-दीड वर्ष बरं गेलं.

त्या वर्षी रेणूचं लग्न ठरलं. मुलगा मोताळ्याकडचा, कृषी केंद्र चालवणारा, आणि नाव काय, तर वैभव! दामूभाऊ धावत दुकानात आले. धावल्यामुळे गळ्यातून शिट्टीसारखी हवा येत होती. बोटानं पडद्याकडे खूण केली. मी बेगमीतलं वैभव काढलं, मंगलाष्टकातल्या मोकळ्या जागेत बसवलं आणि वाजवलं. शिवण कुठे आहे ते मलाही सापडेना. त्यांनी ते परत परत ऐकलं. मग टाइप केलं, "आता मले काई नाई पाह्यजे." तुळशीचं लग्न झालं की पहिल्याच मुहूर्ताची तारीख धरली होती. लग्नाआधी वेगळं उतरवून घेऊ म्हणून तोवर मंगलाष्टक मशीनमध्येच राहू दिलं.

मध्ये दसरा आला. खंडेनवमीला आमच्याकडे ज्याच्या त्याच्या पोटापाण्याच्या वस्तूंची पूजा असते. शेतकरी विळे-कोयते धुतो, रिक्षावाला रिक्षा धुतो, आम्ही माइक, भोंगे, संगणक. पूजेला मांडायची वस्तू आतून-बाहेरून स्वच्छ पाहिजे, हा दामूभाऊंचा कटाक्ष. दरवर्षी ते सकाळीच येऊन माइकच्या जाळ्या ब्रशनं साफ करायचे, वायरी फडक्यानं पुसून झेंडूची माळ घालायचे. त्या दिवशी मी देवीच्या मंडळाच्या साउंडचं पाहायला खामगावला गेलो होतो. परत येताना बसमध्ये त्यांचा मेसेज आला.

"मशीनच्या आतला कचराबी काढून टाकला. आता ये, पूजा कर."

मी तो वाचला आणि बस नांदुऱ्याला पोचेपर्यंत दुसरं काही वाचलं नाही.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशीच्या निवडणुकीच्या कामाची नवी आवृत्ती मागे उघडीच होती. दामूभाऊंनी पूजेआधी मंगलाष्टक एकदा ऐकावं म्हणून जुनी उघडली. नवीनं मध्ये हात घातला होता, त्यामुळे जुनीची ती लहान फाइल कोरी झाली होती. कोऱ्या फाइलला फोल्डरमधला एकही तुकडा ओळखता येईना. मग तिनं इंग्रजीत विचारलं, की इथे इतके बेवारस तुकडे पडले आहेत, कुणाचेच नाहीत, काढून टाकू का? दामूभाऊंनी मोबाइलवर एकेका शब्दाचा अर्थ पाहिला. आणि खंडेनवमीच्या दिवशी, मशीन आतूनही स्वच्छ व्हावी म्हणून, स्वतःच्या हातानं हो म्हटलं.

दुकानात पोचलो तेव्हा मॉनिटरला झेंडूची माळ होती आणि कीबोर्डवर हळदकुंकवाचं बोट. मी जुनी आवृत्ती उघडली. जिथे आवाजाच्या लाटा दिसायच्या तिथे सरळ रेष. देशमुखांची सरळ, इंगळ्यांची सरळ, मंगलाष्टकाची सरळ. मी नक्कल असलेली डिस्क जोडली. त्या तंत्रज्ञानं नुसत्या लहान फाइली उतरवल्या होत्या. तुकड्यांचं फोल्डर त्यालाही कचराच वाटलं होतं.

सांगायची वेळ आली नाही. दामूभाऊ माझ्या मागेच उभे होते आणि त्या रेषा त्यांना माझ्याइतक्याच वाचता येत होत्या. त्यांनी हातातल्या फडक्याची घडी घातली, टेबलावर ठेवली आणि चपला घालून गेले. पूजा तशीच राहिली.

मी अकोल्याला संगणक नेला. तिथून आणखी एकाकडे. पुसलेलं परत आणणारे लोक असतात, त्यांनी खटपट केली आणि काही तुकडे काढून दिले. देश होता, मुख नव्हता. सकाळी होतं, वाजता नव्हतं. मंगलाष्टकातलं एक अक्षर नाही. तो भुगा कानाला लावून मी दिवसचे दिवस बसलो आणि शेवटी माझ्या लक्षात आलं की मी जोडत नाही, नुसता ऐकत बसलो आहे.

रेणू दुकानात आली. "काका, बाबा जेवून नाई राह्यले. भाकर समोर ठेवली तं भिताडाकडे पाह्यत बसते."

"बाई, माझ्या हातात असतं तं..."

"मोबाइलवर आवाज बनवून देते म्हणते ना. वैभवचा एक मित्र पुण्याले हाय, तो करून देतो म्हणते. फक्त बाबांचा चांगला आवाज पाह्यजे, जितका हाय तितका."

मला पटत नव्हतं, पण दुसरं काय होतं? रिक्षावाल्याकडे गेलो. त्याच्या पेनड्राइव्हवर पूर्ण झालेल्या जाहिराती होत्या. पण साड्यांचे सेल संपले की तो पुसून टाकायचा, निवडणुका झाल्या की पुसायचा. निधनाच्या तेवढ्या ठेवल्या होत्या. "मेलेल्या माणसाचं कसं पुसू भाऊ? पाप लागते," तो म्हणाला. तेव्हा दामूभाऊंचा जेवढा आवाज या जगात उरला होता, तो सगळा निधनाचा होता.

नव्या आवृत्तीनं बासरी खालून बऱ्यापैकी वेगळी काढली. ज्या बयेनं आवाज गिळला तीच आता तो धुऊन देत होती. पुण्याच्या मुलानं त्यावरून आवाज तयार केला आणि मंगलाष्टक त्यातून म्हणवून पाठवलं. आम्ही तिघं दुकानात ऐकायला बसलो. दामूभाऊ बऱ्याच दिवसांनी आले होते, दाढी वाढलेली. शब्द त्यांनीच रचलेले होते, आवाज म्हटलं तर त्यांचाच होता. पण त्या आवाजाला येत होती ती एकच चाल. आत्याचं नाव आलं, आत्या गेल्यासारखी वाटली. मामा गेले. मग वैभवचं नाव आलं, शेवटी खाली उतरलेलं, आणि रेणूनं पुढे होऊन ते बंद केलं.

दामूभाऊंनी मोबाइल काढला. बराच वेळ लिहिलं, पुसलं, आणि मला दाखवलं. "हा कोण व्हय?"

लग्न ठरल्या दिवशीच झालं. साउंड माझाच होता. हळदीच्या दिवशी रेणूनं मला बाजूला घेतलं. "काका, मंगलाष्टकाच्या येळी बाबांच्या हातात माइक द्या. चालू ठेवजा."

"अन् काय करतीन ते त्याचं?"

"काई नाई. असू द्या हातात."

दुसऱ्या दिवशी मांडव गच्च भरला होता. गुरुजींनी मंगलाष्टकं म्हटली. शेवटचं वडिलांसाठी सोडलं आणि ते दामूभाऊंकडे पाहून थांबले. अंतरपाटाच्या एका बाजूला वैभव, दुसऱ्या बाजूला रेणू, तिच्या मागे नवा फेटा बांधलेले दामूभाऊ. त्यांनी माइक हातात घेतला. सवयीनं आधी तोंडाजवळ नेला. मग गळ्यावरचा पंचा सरकवला आणि तिथे धरला.

सगळ्या भोंग्यांमधून त्यांचा श्वास आला. आत, बाहेर. मागे थोडी घरघर. आमच्या कामात आम्ही रेकॉर्डिंगमधला श्वास कापून टाकतो, ऐकणाऱ्याला तो नको असतो. मी इतकी वर्षं त्यांचा आवाज कापला, जोडला, पण हा आवाज असा कधी ऐकला नव्हता. त्यांना मंगलाष्टक पाठच होतं. ते मनात म्हणत होते. श्वासाची लांबी ओळीच्या लांबीला जुळत होती. मला कळत होतं, आत्याचं नाव कुठे आलं, मामाचं कुठे आलं.

मांडवाच्या मागच्या बाजूनं एक पाहुणा ओरडला, "ओ साउंडवाले! माइक खराब झाला, हवा मारून राह्यला! बंद करा ना तो!" दोन-चार जण हसले. त्यांना काय माहीत?

दामूभाऊंनी ते ऐकलं. माझ्याकडे पाहिलं आणि हातानं खूण केली. काढ.

मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा खूण केली, या वेळी डोळे मिटून. मी बटण खाली ओढलं. गुरुजींनी घाईघाईनं सावधान म्हटलं, वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या. वैभवच्या नावाची ओळ यायची होती. ती आली नाही.

गर्दी जरा ओसरल्यावर मी आशीर्वाद द्यायला स्टेजवर गेलो. रेणू पाया पडायला वाकली. ती अंतरपाटाकडे तोंड करून उभी होती, पाठीमागची खूण तिला दिसलेली नव्हती. तिला एवढंच कळलं होतं, की तिच्या बापाचा आवाज भोंग्यातून येत होता आणि मध्येच थांबला. ती उठली तेव्हा मुंडावळ्यांच्या मागे डोळे भरले होते.

"काका, काऊन बंद केलं?"

दामूभाऊ शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"माइक खराब झाला होता, बेटा," मी म्हणालो.